सव्वा मुठीचा रोट

साड्या नेसवणाऱ्या पुरुषाला मुलगी कोण देणार, हा प्रश्न भूपेंद्रच्या नातेवाइकांनी बरीच वर्षं चघळला आणि उत्तर न मिळताच सोडून दिला. तोवर तो चाळिशीला टेकला होता. धंदा तसा वाईट नव्हता. सुरतेच्या कापड बाजारात साड्यांचे कॅटलॉग निघतात. त्यांत ज्या मुली उभ्या असतात त्यांना साडी नेसवायची, रंगाला शोभतील अशा बांगड्या आणि कानातले निवडायचे, निऱ्या अशा पाडायच्या की व्यापाऱ्याला दुरूनच काठ दिसावा. याला फॅशन स्टायलिस्ट म्हणतात, असं त्याने घरी अनेकदा सांगितलं होतं. घरच्यांनी ते ऐकूनही घेतलं. पण लग्नकार्यात कोणी विचारलं की धाकटा काय करतो, तर एकच उत्तर मिळायचं: "साड्या नेसाडस."

या धंद्याची एक गंमत आहे. फोटोत जी मुलगी अंगाला बेतून शिवल्यासारखं ब्लाउज घालून उभी असते, तिच्या पाठीमागे कपड्याला लावायच्या क्लिपांची रांग असते. ब्लाउज कोणाचं तरी भलत्याच मापाचं असतं, ते मागून आवळलेलं असतं. परकरात टाचण्या, पदरात टाचण्या. समोरून लक्ष्मी, मागून दोरीवर वाळत घातलेलं कापड. भूपेंद्र या मागच्या बाजूचा उस्ताद होता. समोर काय दिसावं हे दुसरे ठरवायचे आणि ते तसं दिसावं म्हणून मागे काय बांधायचं हे तो ठरवायचा.

हे तो शिकला ते सुरतेत नव्हे, धुळ्याला देवपुरात, आपल्या आईजवळ. खानदेशात श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. नारळाचाच देवीचा मुखवटा करायचा, त्याला डोळे काढायचे, नथ घालायची, कुंकू रेखायचं, खाली साडी नेसवायची, आणि ती पाटावर बसली की ती नारळ राहत नाही. सगळी भाऊबंदकी त्या रात्री एका घरी जमते, गाणी म्हणते, जागते आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत देवीला नदीवर पोचवते. भूपेंद्रच्या घराण्याची कानबाई सजवायचा मान त्याच्या आईचा, सुंदरबाईचा. ती नथ कुठे टेकवायची हे ठरवायला इतका वेळ लावायची की बाहेर बसलेल्या बाया गाणं संपवून दुसरं सुरू करायच्या. लहानगा भूपेंद्र शेजारी टाचण्यांची डबी धरून बसायचा. आई हात पुढे करायची, हा टाचणी द्यायचा. थोरला भाऊ जितेंद्र तेवढ्या वेळात पुरुषांबरोबर बाहेर मांडव बांधत असायचा. पुढे जितेंद्र शाळेत मास्तर झाला आणि भूपेंद्र साड्या नेसवायला लागला, यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नव्हतं, तरी सगळ्यांना ते वाटलं.

आणि मग तो कानबाईलाच जाईनासा झाला. याला कारण कोणाचं भांडण नव्हे. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. भांडण मिटवता तरी येतं. दिवाळीच्या साड्यांचे फोटो श्रावणात काढतात, एवढंच कारण होतं. पहिल्या वर्षी त्याने फोन करून सांगितलं की येता येत नाही. आई म्हणाली, असू दे. दुसऱ्या वर्षी आईने फोन करून विचारलं, तिसऱ्या वर्षी जितेंद्रने. पुढे कोणीच विचारलं नाही, आणि तो सांगायचाही राहून गेला. कानबाई झाली की वहिनी, सारिका, मोबाइलवर फोटो पाठवायची. तो फोटो मोठा करून नथ बघायचा, आणि कामाला लागायचा.

सुरतेत एकदा संध्याकाळी काम आटोपल्यावर त्याने एक मुलगी स्टुडिओच्या जिन्यात बसलेली पाहिली. मोनाली तिचं नाव, नंदुरबारकडची. अंगावर अजून राणी रंगाची साडी, पाठीला क्लिपा तशाच, पायात घरच्या रबरी चपला. मांडीवर डबा उघडून ती खिचडी खात होती आणि खाताखाता फोनवर कोणाला तरी "हो, जेवले मी, पोटभर जेवले" असं सांगत होती. दिवसभर त्या मुलीला त्याने वाकवून, वळवून, हनुवटी वर करून उभं केलं होतं. पण तिच्याकडे बघावं असं त्याला पहिल्यांदा तेव्हा वाटलं. फोटो काढणारे कधीच निघून गेले होते. हे कोण टिपणार, असं त्याच्या मनात आलं, आणि ते मनातून गेलंच नाही.

ज्याचं नशीब धड चाललेलं असतं त्याला असली खाज सुटू नये. पण सुटली. वर्षभर तो फोनवर काहीबाही टिपत राहिला, सुट्टीच्या दिवशी सिनेमा कसा करतात याचे धडे बघत राहिला, आणि एक दिवस सुरतेचं बिऱ्हाड मोडून जळगावला आला. धुळ्याला का नाही आलास, असं आईने विचारलं तेव्हा त्याने सांगितलं की जळगावला सोन्याच्या दुकानांच्या जाहिरातींचं थोडंफार काम मिळेल. ते खरंही होतं. पण धुळ्याला भावाचं घर होतं, आणि भावाच्या घरी राहून पिक्चर काढतो म्हणून सांगायला जी छाती लागते ती त्याच्याजवळ नव्हती. मेहरूणला तलावाच्या बाजूला त्याने वरच्या मजल्यावरची एक खोली घेतली. खिडकीतून पाण्याचा एक तुकडा दिसायचा.

पहिली दोन वर्षं त्याने जे केलं त्याला अपयश म्हणायचं, दुसरा शब्द नाही. त्याने दोन छोटे पिक्चर काढले. दोन्ही बघून लोक म्हणाले, कपडे छान आहेत. झोपडीतली बाई दाखवली तरी तिच्या लुगड्याची चूण एका ओळीत. भांडणाच्या प्रसंगातही पदर जागचा हलत नाही. त्याला हे कळायचं, पण हात आवरायचा नाही. कॅमेरा सुरू व्हायच्या आधी त्याचा हात समोरच्याच्या खांद्याकडे जायचाच. दिग्दर्शक झाला तरी मूळ स्वभाव जात नाही. ओळखीचे लोक हळूहळू फोन उचलेनासे झाले. सोन्याच्या दुकानवाल्यांना नवा पोरगा मिळाला. दिवसच्या दिवस असे जायचे की खालच्या किराणावाल्याशी जे बोलणं व्हायचं तेवढंच. बोलायचं निमित्त व्हावं म्हणून तो साखर थोडी थोडी आणायचा.

मग त्याला ही गोष्ट सुचली. एक म्हातारी आहे. तिचे सगळे लोक पांगले आहेत. ती कानबाई सजवते, पाटावर बसवते, प्रसादाचा रोट करते, वाट बघते, कोणी येत नाही, आणि शेवटी ती एकटीच रोट खाते. बस, एवढंच. ही गोष्ट आपण करू शकतो असं त्याला आतून वाटलं. आणि ही फसली तर परत टाचण्यांची डबी उघडायची, पिक्चरचं नाव काढायचं नाही, असंही त्याने ठरवलं. म्हातारीचं काम आईने करावं अशी त्याची इच्छा होती. दुसऱ्या कोणाला ती नथ तशी टेकवता येणार नव्हती.

अडचण एकच होती. कॅमेरा चालवणारा अमृत हा लग्नांचे व्हिडिओ काढणारा माणूस. त्याला सवड मिळते ती पौषात, कारण पौषात लग्नं नसतात. भूपेंद्रने आईला फोन केला आणि सगळं समजावून सांगितलं. शूटिंग दोन दिवसांचं आहे, देवी खरी बसवायची नाही, नुसतं दाखवायचं आहे. आईने सगळं ऐकून घेतलं.

"कानबाई सावनमां येस," ती म्हणाली. "तुना कॅमेरावाला रिकामा शे म्हनीन ती पौषमां येवाव नही."

तिने रागाने म्हटलं नव्हतं. गाडीची वेळ सांगावी तसं सांगितलं. पुढे तिने विचारलं की जळगावला थंडी किती आहे, आणि फोन ठेवला.

भूपेंद्र हिरमुसला, पण मागे हटला नाही. मागच्या गल्लीत शेवंताबाई राहायची. शिरपूरकडची, साठीच्या पुढची, नवरा गेलेला, पापड लाटून राहणारी. तिला त्याने विचारलं. कॅमेऱ्यासमोर रडायला लावणार नसाल तर येते, म्हणाली. नारळ त्याने कोपऱ्यावरच्या दुकानातून आणला. हा देव्हाऱ्यातला नारळ नाही, दुकानातला आहे, म्हणजे ही देवी नाही, शूटिंगची प्रॉपर्टी आहे, नुसतं सामान, असा हिशोब त्याने स्वतःशी केला. शहाणी माणसं स्वतःला फसवतात तेव्हा असलाच नीटनेटका हिशोब करतात.

सकाळी तो एकटाच नारळ घेऊन बसला. बऱ्याच वर्षांनी बसला होता. काजळाने डोळे काढले. हिरवी साडी चुणून नेसवली. नथ घेतली आणि थांबला. आई कशी धरायची ते आठवलं. जराशी डावीकडे झुकवून, ओठावर सावली पडेल अशी. त्याने तशी टेकवली आणि मागे सरून पाहिलं. कॅटलॉगच्या हजारो मुली त्याने सजवल्या असतील, पण सजवलेली गोष्ट आपल्याकडे बघते आहे असं त्याला कधी वाटलं नव्हतं. मागे टाचणी लावायला त्याने डबी उघडली आणि त्याच्या ध्यानात आलं की टाचणीची गरजच नाही. साडी आपली आपण बसली होती.

दुपारी अमृतने कॅमेरा लावला. शॉट साधा होता. शेवंताबाईने देवी पाटावर ठेवायची, दिवा लावायचा, हात जोडायचे, आणि भूपेंद्रने कट म्हणायचं. तिने देवी ठेवली. दिवा लावला. हात जोडले. भूपेंद्र म्हणाला, "कट." शेवंताबाईने डोळे मिटलेलेच ठेवले आणि कानबाईचं गाणं म्हणायला लागली.

म्हातारीचा आवाज खणखणीत होता आणि खोलीची दारं-खिडक्या उजेडासाठी उघडी होती. मेहरूणमध्ये धुळ्याकडची, शिरपूर-अमळनेरकडची माणसं काही कमी नाहीत. पहिल्यांदा खालच्या घरातली बाई आली, डोक्यावर पदर घेऊन दारात उभी राहिली. मग तिची जाऊ. मग समोरच्या इमारतीतल्या तिघी-चौघी ओटीचं सामान घेऊन. कोणीतरी विचारलं की पौषात कशी काय, आणि कोणीतरी उत्तर दिलं की कोणाचा नवस असेल. नवसाला ठरावीक महिना लागत नाही. तासाभरात खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. जिन्यात चपलांचा ढीग झाला. भूपेंद्र दोनतीनदा सांगायला गेला की ही शूटिंगची देवी आहे, पण त्याच्या कपाळाला कोणीतरी कुंकू लावलं आणि हातात प्रसाद दिला. तोंडात साखर असताना माणूस काय बोलणार. अमृत कोपऱ्यात अडकला होता. त्याने कॅमेरा चालू ठेवला होता.

संध्याकाळी बाया निघाल्यावर भूपेंद्रने शेवंताबाईला म्हटलं की अक्का, हे काय होऊन बसलं.

"भाऊ, तुम्ही बसाडी, ती बसनी," शेवंताबाई म्हणाली. "आते तिले रीतनं उठाडानं."

म्हणजे जागरण करायचं, सकाळी पाण्यावर पोचवायचं आणि रोट करायचा. अर्ध्यावर उठवता येणार नाही. भूपेंद्रने मान हलवली. खरं सांगायचं तर त्याला बरंच वाटलं होतं. खोलीत बायांच्या केसांच्या तेलाचा वास होता, कोणाची तरी बांगडी फुटून तुकडे पडले होते. इतकी माणसं त्या खोलीत कधीच आली नव्हती.

रोटाची रीत अशी आहे. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन सव्वा मूठ गहू मोजायचे. लहान पोर असो की म्हातारा, प्रत्येकाची सव्वा मूठ. ते सगळे गहू एकत्र दळायचे, गूळ घालायचा, आणि त्याचे जाड रोट भाजायचे. देवपूरच्या घरी गव्हाची घमेली भरायची आणि रोट चार-चार दिवस पुरायचा. तो कुळातल्याच माणसांनी खायचा. बाहेरच्याला द्यायचा नाही, टाकायचा नाही, संपवायचा.

शेवंताबाई परात घेऊन बसली. गव्हाच्या डब्यात हात घातला आणि वर बघितलं.

"मूठ कोनकोननी मोजू?"

"मी एकलाच शे," भूपेंद्र म्हणाला.

तिने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग एक मूठ घेतली, वर पाव मूठ घेतली, आणि डब्याचं झाकण लावलं. परातीच्या मधोमध गव्हाची एवढीशी ढिगोळी पडली. एवढ्यासाठी गिरणीवर जायला तिला लाज वाटली असावी. तिने घरच्या मिक्सरमध्येच दळून आणलं. रोट झाला तो तळहाताएवढा.

सकाळी ती दोघं देवीला मेहरूण तलावावर घेऊन गेली. कालच्या बाया कामाला लागल्या होत्या, कोणी आलं नाही. वाजंत्री नव्हती. पाण्यावर धुकं होतं आणि बदकं होती. शेवंताबाईने एक गाणं हळू आवाजात म्हटलं. पाण्यात उतरल्यावर भूपेंद्रचा हात पुन्हा एकदा नथीकडे गेला, नीट करायला, आणि मग त्याने नारळ सोडून दिला.

आता शेवटचा शॉट राहिला होता. रिकाम्या पाटासमोर बसून म्हातारी रोट खाते. याच्यासाठीच सगळा पिक्चर होता. घरी येऊन त्याने ताटलीत रोट ठेवला, ताटली शेवंताबाईपुढे ठेवली आणि नुसता एक घास घ्या म्हणून सांगितलं. शेवंताबाई ताटलीपासून मागे सरली. तिने स्वतःच्या हाताने भाजलेला रोट होता, पण नाव भूपेंद्रच्या कुळाचं घेतलं होतं. ती परक्या कुळाची. तिच्या तोंडात हा रोट जाणार नाही. दुसरी भाकर करून देते, ती कॅमेऱ्यासमोर खाते, असं ती म्हणाली. दोन दिवसांपूर्वी भूपेंद्रने ते मुकाट्याने मान्य केलं असतं. समोरून रोट, मागून भाकर. आयुष्यभर त्याने हेच केलं होतं. पण आता ते जमेना.

अमृतही निघाला होता. कुठल्याशा मास्तरांच्या निवृत्तीचा समारंभ होता, त्याचं काम त्याने घेतलं होतं. कॅमेरा ठेवून जा, एवढंच भूपेंद्र त्याला म्हणाला. अमृतने स्टँड लावून दिला, कुठलं बटण दाबायचं ते दाखवलं आणि गेला. शेवंताबाईही गेली, तिचे पापड वाळत होते.

भूपेंद्रने बटण दाबलं आणि स्वतःच जाऊन पाटासमोर बसला. म्हातारी नाही तर म्हातारा, असं त्याने ठरवलं. त्याने रोटाचा तुकडा मोडला आणि खाल्ला. आपण कसे दिसतो, शर्टाची कॉलर नीट आहे का, हे पहिले काही घास त्याच्या डोक्यात होतं. मग ते गेलं. खिडकीतून ऊन येत होतं. खाली कोणीतरी गाडी धूत होतं. तो चावत राहिला. रोट गोड होता, चांगला भाजला होता. एवढासा रोट, पण अर्धाच संपला. त्याच्या ध्यानात आलं की कट म्हणायला कोणी नाही. मग तो उठला, कॅमेऱ्यापाशी गेला आणि बटण बंद केलं.

अर्धा रोट उरला. कोणाला देता येत नव्हता, टाकता येत नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याने खायचा प्रयत्न केला, पण पहिलाच घास तोंडाशी नेऊन परत ताटलीत ठेवला. तेव्हा तो चिडला, स्वतःवर आणि त्या रोटावर, आणि त्याने तो फडक्यात बांधून पिशवीत टाकला, लॅपटॉप घेतला आणि धुळ्याची बस पकडली. हा रोट खाऊ शकतील अशी माणसं जगात फक्त देवपुरात होती.

आईने दार उघडलं. श्रावण नाही, दिवाळी नाही, तेव्हा काय झालं, असं तिच्या तोंडावर होतं. त्याने आधी रोट बाहेर काढला आणि मग झालेलं सगळं सांगितलं. जितेंद्र शाळेतून नुकताच आला होता. तो खुर्चीत बसून ऐकत राहिला. देवाधर्माचा खेळ केलास, असं तो म्हणेल, अशी भूपेंद्रने मनाची तयारी केली होती. जितेंद्रने नुसती खुर्ची जवळ ओढली. आईनेही देवी पौषात कशी बसवलीस असं विचारलं नाही. नथ कशी टेकवली होतीस, एवढं विचारलं.

म्हणून त्याने लॅपटॉप उघडला. आईने नथ पाहिली आणि मान हलवली. खोलीत दाटलेल्या बाया पाहिल्या. मग पुढे शेवटचा शॉट आला. तो बंद करायला भूपेंद्रने हात पुढे केला, पण आईने त्याचा हात बाजूला केला. ती अगदी जवळ सरकून बघत राहिली. पडद्यावर तिचा मुलगा रिकाम्या पाटासमोर बसून सावकाश चावत होता. शॉट बराच लांब होता. सारिका स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि दारात थांबली.

"कॅमेरा कोनी धरेल व्हता?" आईने विचारलं.

"कोनीच नही. स्टँडवर व्हता."

आई पडद्याकडेच बघत होती. पडद्यावरचा भूपेंद्र उठला, मोठा होत होत जवळ आला आणि चित्र थांबलं. तिने फडक्यातला अर्धा रोट हातात घेतला, उलटासुलटा करून बघितला.

"इतलासाच?" ती म्हणाली. "मूठ कोनकोननी मोजी?"

"मनी. मी एकलाच..." भूपेंद्र म्हणाला.

"आम्ही दरसाल तुनी मूठ मोजतस," आई म्हणाली. "तू येत नही, तरी मोजतस. तुना वाटा मी खास. आनि तुले आम्हनी एकनी बी याद उनी नही?"

तिच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच ऐकवेना. समोर जितेंद्र होता. आत त्याची दोन पोरं अभ्यास करत होती. पलीकडच्या गल्लीत काका होते, काकांची मुलं होती. सगळ्यांची नावं भूपेंद्रला पाठ होती, लहानपणी टाचण्यांची डबी मांडीवर घेऊन त्याने ती आईच्या तोंडून ऐकली होती. आठवण झाली होती पण मोजलं नाही, असं असतं तर तो काहीतरी बोलला असता, माफी मागितली असती. त्याला आठवणच झाली नव्हती. शेवंताबाईने विचारलं तेव्हा त्याला खरोखरच वाटलं होतं की आपल्या कुळात आपण एकटे आहोत. म्हातारीचे लोक पांगले, अशी गोष्ट त्याने लिहिली होती. तिच्यात पांगलेला तो होता, आणि म्हातारी दरसाल त्याचा वाटा खात होती.

आईने रोटाचे तुकडे केले. जितेंद्रला एक दिला, पोरांना हाक मारून दिले, काकांकडचे बाजूला काढून ठेवले. नखाएवढे तुकडे झाले. जितेंद्रने तोंडात टाकला आणि म्हणाला की कडक झालाय, दूध हवं होतं. सारिका दूध आणायला गेली. भूपेंद्रला कोणी दिला नाही. त्याने आपला वाटा खाल्ला होता.

खाता खाता आईचा पदर खांद्यावरून घसरला. त्याचा हात सवयीने उचलला गेला, आणि त्याने तो परत मांडीवर ठेवला. तो नुसता बघत बसला. आई तुकडा चावत होती, दात राहिले नव्हते, तिला वेळ लागत होता.

संध्याकाळच्या बसने तो जळगावला परतला. रिकामं फडकं त्याच्या पिशवीत होतं. खोलीचं दार उघडल्यावर पाट अजून भिंतीपाशी होता तसाच दिसला. त्याने दिवा लावला, गव्हाचा डबा जमिनीवर घेतला आणि परात समोर ओढली. पहिली मूठ त्याने आपल्या नावाची घेतली नाही, जितेंद्रची घेतली. मग मोठ्या पुतण्याची. मग धाकट्याची. काकांच्या नावापाशी डबा संपला, आणि अजून बरीच नावं उरली होती.